धुळीच्या वादळात दम्याची मुलं एकदम आली तर? (शाळेचं क्लिनिक, कुवेत)

परिचारिका_सालमिया:
नमस्कार मंडळी. इथल्या एका भारतीय शाळेत परिचारिका आहे. एप्रिल-मेमध्ये आकाश तांबूस झालं की तासाभरात दम्याची चार-पाच मुलं क्लिनिकच्या दारात उभी. नेब्युलायझर एकच, एका मुलाला दहा मिनिटं लागतात. पालकांचा हट्ट, "वाफच द्या, पंपानं काही होत नाही." बाकीच्यांना कसं सांभाळायचं? शिवाय धूळ क्लिनिकमध्येही शिरते, त्याचं काय करायचं?

बालदमा_ओपीडी:
ताई, रांग लागतेय ती नेब्युलायझरमुळेच. सौम्य-मध्यम झटक्यात निळा पंप (साल्ब्युटामॉल, श्वासनळ्या लगेच मोकळ्या करणारं औषध) स्पेसरमधून, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये लावायच्या पोकळ नळकांड्यातून, नीट दिला तर वाफेइतकाच लागू पडतो आणि चार मुलांना एकाच वेळी देता येतो.

मुलाला ताठ बसवा, झोपवू नका. पंप हलवा, स्पेसरला लावा, ओठ घट्ट मिटायला सांगा, एकच दाब. मग 5-6 साधे श्वास. अर्धा-एक मिनिट थांबा, पुन्हा हलवा, पुढचा दाब. चूक होते ती इथेच: घाईत चार दाब एकदम मारले की औषध स्पेसरच्या आतच चिकटून बसतं, छातीत पोचतं थोडंच. अगदी लहान मुलांना मास्क लावावा लागतो, आणि गालापाशी फट राहिली तर सगळं हवेत जातं.

100 मायक्रोग्रॅमच्या साल्ब्युटामॉलचे सहा वर्षांवरील मुलांना साधारण 4 ते 10 पफ, पहिल्या तासात दर 20 मिनिटांनी. पण डोस मुलाच्या दम्याच्या लेखी प्लॅनमध्ये किंवा शाळेच्या डॉक्टरांच्या लेखी आदेशात हवाच, तोंडी नको.

वाक्य पूर्ण बोलता येत नाही, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जातेय, बोटाच्या ऑक्सिमीटरवर ऑक्सिजन 92 टक्क्यांच्या खाली, किंवा मूल पेंगुळलंय: लगेच 112, आणि गाडी येईपर्यंत पफ चालू ठेवा, ऑक्सिजन असेल तर तोही. आधी घरघर होती आणि आता छाती एकदम शांत झाली, तर ते बरं वाटण्याचं लक्षण समजू नका. हवाच आत जात नसेल. ईदच्या सुमारास बोटांच्या टोकांना काळी मेंदी असली तर ऑक्सिमीटर फसतो, पायाचं बोट वापरा.

परिचारिका_सालमिया:
एकच स्पेसर पुसून सगळ्यांना चालेल का?

बालदमा_ओपीडी:
नाही. मुलागणिक वेगळा, नाव लिहिलेला. आयत्या वेळेसाठी पुठ्ठ्याचे वापरून टाकायचे ठेवा. प्लॅस्टिकचा स्पेसर कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब घालून बुडवा आणि तसाच वाळू द्या. फडक्यानं पुसला की आतल्या भिंतीवर स्थिर वीज तयार होते आणि औषध तिथेच खेचलं जातं. पंपाचा आकडाही बघा. 200 पफ संपल्यावरही फुस्स आवाज येतो, औषध मात्र नसतं. पाण्यात तरंगवून बघायची जुनी युक्ती सोडा. आणि पंप बसमध्ये ठेवू नका, इथल्या उन्हात बंद बस भट्टी होते.

डक्ट_आणि_डॅम्पर:
धुळीबद्दल मी सांगतो, माझं काम एसीचं. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो, त्याला दोष नाही. विंडो एसी असेल तर त्याची व्हेंटची खिट्टी बंद हवी. बहुतेक शाळांत ती वर्षभर उघडीच असते. सेंट्रल युनिटला बाहेरच्या हवेचा डॅम्पर (हवा आत घेणारी झडप) असतो, तो इशारा आल्याबरोबर बंद करायला देखभालवाल्यांना सांगा आणि वादळ ओसरल्यावर उघडायलाही सांगा, नाहीतर वर्गात गुदमरायला होतं. दाराच्या खालच्या फटीत ओलं टॉवेल. झाडू अजिबात नको, ओल्या फडक्यानं पुसा. साध्या व्हॅक्यूममधून बारीक धूळ मागून परत बाहेर येते.

वर्गखोली_ते_वॉर्ड:
एक राहिलं. वादळ दुपारी थांबलं म्हणून सुटलो असं नाही. बसलेली धूळ मैदानावर पावलांनी पुन्हा उडते, त्यामुळे पुढचे दोन-तीन दिवस पीटी आतच घ्या. पालकांना ऐन वादळात मूल न्यायला बोलावू नका. गेटवर उभं राहण्यातच त्याचा दम वाढतो. आणि ज्यांचा रोजचा स्टेरॉइडचा पंप "बरं वाटतंय" म्हणून बंद झालाय, त्यांची यादी मार्चमध्येच काढून घरी चिठ्ठी पाठवा. एप्रिलमध्ये क्लिनिकच्या दारात बहुतेक तीच मुलं दिसतात.