अथेन्सची मुलाम्याची नाणी: फसवणूक की नाइलाज?

नाणेवेडा: काल एका लेखात वाचलं, की अथेन्सने स्पार्टाविरुद्धच्या युद्धात तांब्यावर चांदीचा मुलामा देऊन नाणी पाडली, म्हणजे सरकारनेच जनतेला लुटलं. राहवलं नाही म्हणून लिहितोय. इ.स.पू. 413 पासून स्पार्टाचं सैन्य अथेन्सजवळच्या डेकेलियात ठाण मांडून बसलेलं. वीस हजारांहून जास्त गुलाम पळाल्याचं त्या काळचा इतिहासकार थुसिडिडीस लिहितो. लॉरियनच्या चांदीच्या खाणी थंडावल्या, मग चांदी आणायची कुठून? विजयदेवतेच्या सोन्याच्या मूर्तीसुद्धा वितळवल्या. धान्य समुद्रातून यायचं, आरमार गेलं की शहर उपाशी. अशा वेळी वल्हेकऱ्यांना द्यायचं काय?

सराफकट्टा: नाइलाज मान्य, पण मुलामा कशासाठी? सरळ तांब्याची पाडायची. पुढे ऑलिंथस शहराविरुद्धच्या लढाईत अथेन्सचा सेनापती टिमोथिऑस याने तेच केलं. सैनिकांना तांब्याची नाणी दिली आणि व्यापाऱ्यांना सांगितलं, यातून इथला माल आणि लूट विकत घ्या, उरतील ती आणा, चांदी देतो. याला म्हणतात व्यवहार.

नाणेवेडा: फसवणूक लपूनछपून होते. इ.स.पू. 405 च्या 'बेडूक' नाटकात अथेन्सचा नाटककार अ‍ॅरिस्टोफेनीस भर रंगमंचावरून बोलतोय, की जुनी अस्सल नाणी सोडून आपण काल-परवा पाडलेली वाईट तांब्याची वापरतो, माणसांचंही तसंच करतो. हजारो प्रेक्षकांना ठाऊक असलेली गोष्ट फसवणूक कशी?

तांबटआळी: नाटकात तो 'तांब्याची' म्हणतो, मुलाम्याची नाही. 1902 मध्ये पिरेअसला, म्हणजे अथेन्सच्या बंदरात, मुलाम्याच्या नाण्यांचा ठेवा सापडला, म्हणून नाटकातली नाणी ती हीच, असं धरतात. माझा अनुभव वेगळाच. तीन वर्षांपूर्वी एक घुबडछाप, म्हणजे घुबडाचं चित्र असलेलं अथेन्सचं नाणं घेतलं, चिंचेच्या कोळात घासलं आणि कडेला तांबं दिसलं. विक्रेता म्हणतो, युद्धातलं आहे, उलट दुर्मीळ! पैसे परत नाहीत.

ओवी: चिंच? अहो, कुणी सांगितलं तुम्हाला? अडीच हजार वर्षांचा पातळ मुलामा आणि त्यावर आंबट? आमच्याकडे आजोबांच्या शिवराया होत्या, मामीने दिवाळीत चिंच-मीठ लावून लखलखीत केल्या. 'श्री राजा शिव' ही अक्षरं बोटाला लागेनाशी झाली. आजोबा आठवडाभर बोलले नाहीत.

तांबटआळी: देव्हाऱ्यातली भांडी आम्ही पिढ्यान्‌पिढ्या चिंचेनेच घासतो.

ओवी: भांडं आणि नाणं एक नव्हे! भांड्यावर अक्षर वाचायचं नसतं.

तांबटआळी: शिकवू नका. तुमचं नुकसान आजोबांचं, माझं खिशातलं.

सराफकट्टा: चिंचेचं नंतर बघा. नाणेवेडा, तुमच्याच अ‍ॅरिस्टोफेनीसच्या नंतरच्या एका नाटकातला तो द्राक्षवाला आठवतो? द्राक्षं विकून, तेव्हाच्या रीतीने गालात तांब्याची नाणी भरून पीठ घ्यायला निघाला. पोतं पुढे धरलं तोच दवंडी पिटली, यापुढे तांबं कुणी घ्यायचं नाही, आम्ही चांदीच वापरतो. तो लुटला गेला नाही?

नाणेवेडा: प्रसंग नाटकातला आहे. तरी मानतो, झळ त्यालाच बसली. पण नाणी काढली तेव्हा शहर वाचवायचं होतं, आणि बंद केली म्हणजे ती कायमची लादायची नव्हती.

सराफकट्टा: बरं, 'लूट' शब्द मी वापरणार नाही. मुलाम्याचं उत्तर मात्र अजून मिळालेलं नाही.

ओवी: तांबटआळी, उरलेलं नाणं कोरडं ठेवा. कडेचा फोटो टाका, वजनही कळवा. आणि परत घासू नका, हात जोडते.