सत्ता एकाच पक्षाची असेल, तर त्याच्या आत राहून भांडावं की बाहेर पडून? (दक्षिण आफ्रिका)

वाटसरू७४
१९९४ पासून तीस वर्षं तिथे एएनसीचं (आफ्रिकन नॅशनल काँग्रेस, म्हणजे मंडेलांचा पक्ष) बहुमत. २००४ मध्ये तर जवळपास ७० टक्के मतं! विरोधी पक्षांना कोण विचारतो? सरकारला वाकवलं ते आंदोलनांनीच, आणि माझ्या मते पक्षाशी काडीमोड न घेतलेल्यांनी. एड्सच्या औषधांसाठी लढलेलं 'ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेन' बघा. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष एम्बेकी, त्यांना एचआयव्हीमुळे एड्स होतो यावरच शंका. या आंदोलनाचे नेते झॅकी अखमत स्वतः बाधित आणि एएनसीचे सदस्य. सरकारी दवाखान्यात गरिबाला औषध मिळेपर्यंत मीही घेणार नाही म्हणून अडून बसले. जुलै २००२ मध्ये घटना न्यायालयाने गरोदर बायकांना नेव्हिरापीन (आईकडून बाळाला होणारी लागण रोखणारं औषध) द्यायला लावलं. त्याच वर्षी 'एचआयव्ही पॉझिटिव्ह' लिहिलेला आंदोलनाचा टीशर्ट खुद्द मंडेलांनी अंगात घातला. उपऱ्यांसाठी घातला असता?

तारामती
घरचेच होते म्हणून जिंकले, हे काही पटत नाही बुवा. डर्बनच्या केनेडी रोड वस्तीतले लोक तरी कोण होते? एएनसीचेच मतदार! घरांसाठी कबूल केलेल्या जागेवर मार्च २००५ मध्ये बुलडोझर आले. लोकांना वाटलं, आता घरं होणार. विचारलं तर कळलं, जागा वीट कारखान्याला दिली आहे. मग रस्ता अडवला आणि त्यातून 'अबाहलाली बासेमजोंडोलो' ही झोपडीवासीयांची संघटना उभी राहिली. 'जमीन नाही, घर नाही, तर मत नाही' म्हणणाऱ्या याच लोकांनी २००९ मध्ये झोपडपट्टी कायद्याचं जाचक कलम त्याच घटना न्यायालयात रद्द करून घेतलं. कामाला आली ती राज्यघटना. पक्षाचं कार्ड नव्हे.

वाटसरू७४
आणि निकालाच्या काही आठवडे आधी त्या वस्तीवर हल्ला झाला, कार्यकर्त्यांची घरं उद्ध्वस्त झाली, त्याचं काय? बाहेर पडण्याची किंमत ती.

गिरगावकर
औषधाच्या बाबतीत एक गोष्ट दोघांनीही सोडलीत. २००१ मध्ये आपल्या मुंबईच्या सिप्लाने एड्सची औषधं दिवसाला एक डॉलरच्या आत देऊ केली. 'परवडत नाही' हे रडगाणं तिथून पुढे टिकणं कठीण होतं. जमिनीचं तसं नसतं. तिथे नगरसेवकापासून बिल्डरपर्यंत सगळ्यांचे हात गुंतलेले. गोळी वाटून कोणाचा प्लॉट जात नाही.

खाणवाला
आत राहून भलं होतं म्हणणाऱ्यांनी मारिकाना आठवावं, लोनमिन कंपनीच्या प्लॅटिनम खाणीतला तो संप. खाण कामगारांची जुनी युनियन एएनसीच्या मित्रसंघटनांमधलीच. पण १२,५०० रँड पगार मागणाऱ्यांना ती आपली वाटेना. १६ ऑगस्ट २०१२ ला पोलिसांनी ३४ जणांना गोळ्या घातल्या. ती युनियन उभारणारे रामाफोसा तोवर त्याच लोनमिन कंपनीच्या संचालक मंडळावर! पुढे राष्ट्राध्यक्षही झाले. आतला माणूस वर चढला की कोणाचा होतो ते दिसलं.

तारामती
+१. हेच म्हणत होते.

वाटसरू७४
मारिकाना मान्य. पण बाहेर पडून सत्ता तरी हाती आली का? २०२४ मध्ये एएनसी ४० टक्क्यांवर आली, तेव्हा साडेचौदा टक्के नेले झुमांच्या नव्या पक्षाने. झुमा म्हणजे एएनसीचेच माजी अध्यक्ष. रस्ते अडवले कोणी, मतं नेली कोणी!

खाणवाला
मतं नेली खरी. पण एएनसीला आता इतरांना सोबत घेऊन सरकार चालवावं लागतंय. तेवढी फट २००५ मध्ये केनेडी रोडच्या लोकांना मिळाली होती का, ते सांगा.