फ्रेट बदलायचे आहेत : जम्बो घ्यावेत की उंच पण अरुंद?

लष्कर_गिटार (ग्वाल्हेर)

नमस्कार. माझ्याकडे साधारण बारा वर्षांपूर्वी घेतलेली एक इलेक्ट्रिक गिटार आहे. तिची स्केल (नट ते ब्रिज, म्हणजे मोकळ्या तारेची वाजणारी लांबी) ६४८ मिलिमीटर असून मी तिला ०.०१० चा (सर्वात बारीक तार ०.०१० इंच जाडीची) संच लावतो. पहिल्या पाच फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर), विशेषतः दुसऱ्या आणि तिसऱ्या तारेखाली, नखाला जाणवतील इतक्या खाचा पडल्या आहेत आणि तार ओढून मींड घ्यायला गेलो की ती खाचेत अडकून करकरते. इथल्या एका कारागिरांना गिटार दाखवली, तेव्हा त्यांनी सगळे फ्रेट काढून जम्बो, म्हणजे रुंद, मोठे फ्रेट बसवावेत असे सुचवले. कारण विचारल्यावर ‘मोठे फ्रेट जास्त टिकतात’ एवढेच उत्तर मिळाले.

माझे वादन बहुतेक गाण्याच्या चालींचे आहे. गणपतीत मंडळासाठी नाट्यपदे आणि अभंग वाजवतो, त्यामुळे मींड हवीच. मात्र शिकलो ते जाड तारांच्या अकूस्टिक गिटारवर, म्हणून डाव्या हाताचा दाब अजूनही गरजेपेक्षा जास्त असतो, हे मला मान्य आहे. फ्रेट वायरवर ६२३०, ६१०५, ६१०० असे जे क्रमांक असतात, त्यांचा अर्थ काय? उंच फ्रेटवर सूर चढा लागतो हे खरे आहे का? आणि मे महिन्यात फ्रेटची टोके नेकच्या कडेला बोटांना टोचतात, त्याचा या मापांशी काही संबंध आहे का?

पट्टी_आणि_कानस (इंदूर)

आधी शेवटचा प्रश्न, कारण त्याचे उत्तर थोडक्यात देता येते. टोके टोचण्याचा मापाशी संबंध नाही. कोरड्या उन्हाळ्यात फ्रेटबोर्डचे लाकूड आकसते, धातू मात्र तेवढाच राहतो, म्हणून टोके बाहेर डोकावतात. हवा सर्वात कोरडी असते त्या दिवसांत ती कानशीने कडेबरोबर घासून घेतली, की सहसा पुन्हा त्रास होत नाही. पावसाळ्यात घासून उपयोग नाही, कारण तेव्हा लाकूड फुगलेले असते.

आता मापे. फ्रेटच्या माथ्याची रुंदी आणि फ्रेटबोर्डपासून माथ्यापर्यंतची उंची ही दोन मापे वाजवणाऱ्याच्या कामाची असतात. लाकडात रुतणाऱ्या पात्याचे माप कारागिराने पाहायचे. आपण दिलेले क्रमांक डनलॉप कंपनीच्या फ्रेट वायरचे आहेत आणि ते निव्वळ नावे आहेत, त्यांतून माप कळत नाही. ६२३० ही जुन्या धाटणीची बारीक वायर सुमारे १.९८ मिमी रुंद आणि १.०९ मिमी उंच असते, ६१०५ ही सुमारे २.२९ मिमी रुंद आणि १.४० मिमी उंच असते, आणि जिला सर्रास जम्बो म्हणतात ती ६१०० सुमारे २.७९ मिमी रुंद असून उंचीला तीही १.४० मिमीच असते. जेस्कार कंपनीची पद्धत मला अधिक प्रामाणिक वाटते, कारण तिच्या क्रमांकातच माप असते : ५५०९० म्हणजे इंचाचे ५५ सहस्रांश उंची आणि ९० सहस्रांश रुंदी.

६१०५ आणि ६१०० यांची उंची सारखीच आहे, हे लक्षात घेतले की आपल्या कारागिरांचे म्हणणे अर्धेच खरे ठरते. खाचा काढण्यासाठी सगळे फ्रेट एका पातळीत घासतात, म्हणजे उंची खर्ची पडते, रुंदी नाही. किती वेळा घासून घेता येईल हे उंचीवर ठरते, त्यामुळे टिकाऊपणासाठीच जम्बो घ्यायचे तर अरुंद आणि उंच वायर जवळपास तेच काम करते. रुंद फ्रेटवर बोट घसरवत नेताना हाताला गुळगुळीत वाटते, हे मात्र खरे. पण तो झिजून माथा सपाट झाला, की तार मध्यावरून न सुटता ब्रिजकडच्या कडेवरून सुटते. बाराव्या फ्रेटवर तार एक मिलिमीटर आखूड झाली तर सूर सुमारे पाच सेंट चढतो, म्हणजे एका अर्धस्वराच्या विसाव्या भागाइतका. म्हणून रुंद फ्रेटला गोलाई पुन्हा पुन्हा नीट द्यावी लागते, आणि कमी दामात काम उरकणारे कारागीर नेमके तेच टाळतात.

धातूबद्दल थोडे. नेहमीच्या फ्रेट वायरला निकेल सिल्व्हर म्हणतात, पण तिच्यात चांदी नसते. तांबे, निकेल आणि जस्त यांचा तो मिश्रधातू म्हणजे आपल्या आजीच्या काळातल्या भांड्यांचे जर्मन सिल्व्हरच. स्टेनलेस स्टील बरेच कठीण असते आणि कितीतरी अधिक टिकते, पण ते कारागिराची हत्यारेही झिजवते, म्हणून त्याला हात घालायला अनेक जण तयार नसतात.

तरफ (ग्वाल्हेर)

मी सतार वाजवते, गिटार नाही, तरी उंचीच्या प्रश्नावर लिहावेसे वाटले. सतारीचे पडदे, म्हणजे तिचे फ्रेट, कमानदार आणि उंच असतात, बोट दांडीला टेकतच नाही, आणि म्हणूनच एकाच पडद्यावर बाज तार (मुख्य वाजती तार) ओढून चार-पाच स्वरांची मींड घेता येते. गिटारच्या बुटक्या फ्रेटवर बोटाचे टोक लाकडाला घासते आणि तारेखाली नीट पकड मिळत नाही. उंची वाढली की तेच बोट तारेच्या कडेला धरून तिला ढकलू शकते. जॉन मॅकलॉफ्लिन यांनी १९७० च्या दशकात ‘शक्ती’ या गटात वाजवताना फ्रेटमधले लाकूड खोलगट कोरलेली गिटार वापरली होती. बोटाखालचे लाकूडच दूर करायचे, ही त्यामागची कल्पना.

पण उंच पडद्याला हलका हात लागतो. तार पडद्यावर टेकली की काम झाले, त्याहून खाली दाबली तर ती ताणली जाते आणि सूर चढतो. नव्या विद्यार्थ्याच्या सतारीत हा दोष पहिल्या दिवशी ऐकू येतो. आपण दाब जास्त असल्याचे स्वतःच लिहिले आहे, म्हणून उंची ठरवण्याआधी हात तपासावा, असे मी सुचवेन. (सरोदला पडदेच नसतात, तो शिकायला घेतला असता तर हा प्रश्नच उद्भवला नसता, आणि सरोद घर हे संग्रहालय आपल्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागातच आहे; पण तो वेगळा विषय झाला.)

मांडवी_रिदम (वडोदरा)

मी उलट बाजूचा अनुभव सांगतो. कॉर्ड वाजवणारा माणूस असूनही तीन वर्षांपूर्वी कोणाच्या तरी सल्ल्यावरून जम्बो बसवून घेतले. साधा सी कॉर्डसुद्धा चढा लागू लागला आणि ट्यूनरवर प्रत्येक मोकळी तार बरोबर दिसत असल्याने दोष कुठे आहे हे कळायला दोन महिने गेले. गिब्सनने १९५४ साली आणलेल्या लेस पॉल कस्टमचे फ्रेट इतके बुटके होते की तिला फ्रेट नसलेली अद्भुत गिटार अशा अर्थाचे टोपणनाव पडले, आणि ती कॉर्डवाल्यांना फार आवडे. उंच म्हणजे चांगले असे समीकरण कृपया धरू नये.

लष्कर_गिटार (ग्वाल्हेर)

सर्वांचे आभार. काल दोन गोष्टी केल्या. पंधराव्या फ्रेटला हात फारसा लागत नाही, म्हणून त्याचे माप घेतले : रुंदी २.० मिमी आणि उंची १.०५ मिमी, म्हणजे मूळ फ्रेट वायर ६२३० च्या जवळची दिसते. दुसऱ्या फ्रेटवर खाचेच्या तळाशी जेमतेम ०.७ मिमी उरले आहेत. मग मित्राच्या जम्बो फ्रेटच्या गिटारवर ट्यूनर लावून नेहमीसारखे दाबले. दुसऱ्या तारेचा पहिल्या फ्रेटवरचा सी आठ ते दहा सेंट चढा दिसला. जाणीवपूर्वक हात हलका केला तेव्हा काटा मध्यावर आला, पण गाण्यात रमलो की पुन्हा चढला. मींड मात्र फारच सोपी झाली, हेही कबूल करतो.

पट्टी_आणि_कानस (इंदूर)

मापे घेतलीत, हे उत्तम केले. सगळे फ्रेट ०.७ पर्यंत घासले तर मींड आजच्याहून अवघड होईल, म्हणून तो मार्ग आपल्यासाठी नाही. पहिले पाचच फ्रेट बदलणे स्वस्त पडते, पण त्यासाठी जुन्याच मापाची वायर लागते आणि आपली मूळ तक्रार तशीच राहते. आपल्या जागी मी असतो तर सगळे फ्रेट काढून जेस्कारची ४७१०४ घेतली असती, म्हणजे सुमारे १.१९ मिमी उंच आणि २.६४ मिमी रुंद. आजच्यापेक्षा उंची थोडीच वाढेल, त्यामुळे हाताला सवय लावणे झेपेल आणि बोट घसरवतानाही बरे वाटेल. हात खरोखर हलका झाला, तर पुढच्या वेळी ५५०९० चा विचार करावा.

काम देताना नटविषयी (नेकच्या वरच्या टोकाच्या, तारांच्या खाचा असलेल्या पट्टीविषयी) आधीच बोलून घ्यावे, कारण ही गोष्ट बहुतेक जण विसरतात. बाराव्या फ्रेटवरचे तारेचे अंतर ब्रिजवरून (तारा गिटारच्या अंगावर जिथे टेकतात तिथून) पुन्हा जुळवता येते, नटच्या खाचांचे तसे नसते. १.०९ वरून थेट १.४० वर गेलात तर मोकळ्या तारेखालची जागा ०.३१ मिमीने कमी होते आणि तार पहिल्या फ्रेटवर झणझणते. ४७१०४ मध्ये फरक एक दशांश मिलिमीटरच्या आसपास आहे, जुना नट कदाचित चालून जाईल. तरी फ्रेट बसवून, घासून, गोलाई देऊन झाल्यावरच त्याचा निर्णय घ्यायला कारागिरांना सांगावे.

लष्कर_गिटार (ग्वाल्हेर)

४७१०४ निश्चित करतो. कारागिरांशी आजच बोललो. नव्या नटचे पैसे वेगळे पडतील असे ते म्हणाले, आणि माथ्याला गोलाई देण्याचे काम दराच्या आत धरले आहे की नाही, हे विचारल्यावर थोडे थांबून ‘धरू’ म्हणाले.