मदत हवी आहे: कोळंबी गेली, एक क्लाउनफिश गेला, दुसरा धापा टाकतोय

गप्पीवाला:
नमस्कार मंडळी. गोड्या पाण्याचा टँक सहा वर्षं घरात आहे. गप्पी इतके झाले की सोसायटीत बरण्या भरून वाटले. त्या जोरावर यंदा लेकीच्या हट्टासाठी समुद्री टँक मांडला आणि २३ दिवसांत हात टेकायची वेळ आली.

२४ x १२ x १५ इंची टँक. वाळू-दगड धरून आत साधारण ६० लिटर पाणी. समुद्री मीठ दुकानातलंच, पाणी स्वयंपाकघरातल्या आरओचं. दुकानदार म्हणाला, बॅक्टेरियाची बाटली ओता, चार दिवस फिल्टर चालवा, पाचव्या दिवशी मासे सोडा. त्याप्रमाणे दोन क्लाउनफिश, एक निळा डॅमसेल आणि एक क्लीनर कोळंबी आणली. पिशवी पंधरा मिनिटं तरंगवली आणि सोडले, गप्पींना करतो तसंच.

कोळंबी दोन दिवस दिसली, मग गायब. परवा दगडामागे काहीतरी दिसलं. मला वाटलं कात टाकली असेल. बायको म्हणाली, कात अशी असते का, ही तर आमटीत टाकल्यावर होते तशी गुलाबी झालीये. चिमट्याने उचलली तर अख्खी कोळंबी, आणि वास असा की गॅलरीचं दार उघडावं लागलं. काल एक क्लाउन गेला. दुसरा पाण्याच्या वरच्या थराला लागून कल्ले जोरात हलवतोय. डॅमसेलला काही झालेलं नाही, तो उलट क्लाउनच्या अंगावर जातो.

आजच्या टेस्ट: अमोनिया १, नायट्राइट २, नायट्रेट १०, पीएच ८.२. खारटपणा मोजायचा हायड्रोमीटर १.०२६ दाखवतो, म्हणजे मीठ तरी बरोबर आहे. पाणी ३१ डिग्रीला गेलं होतं म्हणून दहा दिवसांपूर्वी झाकण काढून टेबलफॅन लावला, आता २८ असतं.

काय चुकतंय? लेक रोज शाळेतून आली की आधी टँकपाशी जाते. हाही गेला तर मला घरात तोंड दाखवायला जागा नाही.

चहाबिस्कीट:
इतका खटाटोप करण्यापेक्षा बाजारातून पापलेट आणा. मेलं तरी वाया जात नाही. (गंमत हो, हलकं घ्या.)

कोळीवाड्याचा:
घरचं मीठ कालवत बसण्यापेक्षा अलिबागला जाऊन दोन कॅन भरून आणा. खरं समुद्राचं पाणी ते खरं.

मीठभाकर:
अहो, किनाऱ्यालगतचं पाणी नको. खाडीचं, गटाराचं, बोटींच्या डिझेलचं सगळं त्यात असतं आणि पावसाळ्यात खारटपणाही उतरतो. हे पाणी टँकसाठी नाही.

गप्पीवाले, तुमच्या पोस्टमध्ये एक गोष्ट खटकतेय. पंखा लावल्यावर पाणी उडत असणार. रोज किती भर घालता, आणि कशाची?

गप्पीवाला:
रोज दीड लिटर जातं. बादलीत मीठ कालवलेलं पाणी तयारच असतं, त्यातलं घालतो. टँकमध्ये आहे तेच पाणी.

मीठभाकर:
सापडलं. उडून जातं ते फक्त पाणी, मीठ मागेच राहतं. गप्पींच्या टँकमध्ये भर म्हणून तेच पाणी घालायची सवय असते आणि तिथे फारसं बिघडत नाही. इथे मात्र भर कायम बिनमिठाच्या पाण्याची.

हिशोब करा. लिटरला ३५ ग्रॅम धरलं तर ६० लिटरमध्ये २१०० ग्रॅम मीठ. तुम्ही दहा दिवसांत १५ लिटर खारं पाणी घातलंत, म्हणजे आणखी ५२५ ग्रॅम. आज टँकमध्ये लिटरला ४४ च्या आसपास असणार. पाणी जितकं खारट आणि गरम, तितका त्यात ऑक्सिजन कमी. त्यात अमोनिया १, आणि पीएच ८.२ ला तोच अमोनिया गोड्या पाण्यातल्यापेक्षा जास्त विषारी. मासा धापा टाकणारच.

गप्पीवाला:
पण हायड्रोमीटर १.०२६ म्हणतोय?

मीठभाकर:
तो हलत्या सुईचा प्लास्टिकचा आहे ना? वापरून झाल्यावर कोमट पाण्याने धुता का? सुईवर मीठ साचलं की ती जड होते आणि कमी दाखवते. उलट बुडबुडा चिकटला तर जास्त दाखवते. मी त्या डबीवर विश्वास ठेवून एकदा हात पोळून घेतलेत. रिफ्रॅक्टोमीटर (पाण्याच्या थेंबावरून खारटपणा दाखवणारं यंत्र) घ्या, जमलं तर आजच्यापुरता कोणाकडून उसना आणा, आणि खारटपणा नेमका ३५ असलेल्या तयार द्रावणाने आधी जुळवा.

गप्पीवाला:
कल्याणच्या एका मित्राकडे धावत गेलो. ४३ आलं! परत येऊन हायड्रोमीटरची सुई नखाने खरवडली तर पांढरी कपची निघाली. इतके दिवस मी ह्या डबीकडे बघून बायकोला सांगत होतो, "मीठ एकदम परफेक्ट."

आता काय करू? सगळं पाणी बदलून टाकू?

मीठभाकर:
सगळं नको! माशाला एकदम खाली आणलंत तर तोही धक्काच. रोज १५ लिटर काढा आणि ३५ चं नवं पाणी घाला. पहिल्या दिवशी ४३ वरून ४१ होईल, मग साडेएकोणचाळीस, असं हळूहळू. त्याच पाण्याबरोबर अमोनियाही उतरेल. चारेक दिवस करा. नव्या पाण्याचं तापमान टँकइतकंच ठेवा आणि मीठ आदल्या रात्रीच कालवा, बादलीत छोटा पंप सोडून. मीठ पाण्यात घालायचं, मिठावर पाणी नाही, नाहीतर तळाला गाळ बसतो. टँकमध्ये कोरडं मीठ तर कधीच टाकू नका.

दरम्यान अमोनिया बांधून ठेवणारं कंडिशनर मिळतं, ते घाला. खाणं दिवसातून एकदा, चिमूटभर. एक एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) वर लावून ठेवा. आणि काचेवर पाण्याच्या पातळीला चिकटपट्टी लावा. भर घालायची ती पट्टीपर्यंत, आरओच्या पाण्याची.

प्रवाळवेडी:
पाणी कुठलं याबद्दलही बोलू या. घरातल्या आरओत बऱ्याचदा चवीसाठी थोडं मूळ पाणी मिसळायची सोय असते. माझ्या मशीनमधून टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) ८० यायचा. सोसायटीत बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी असेल तर आणखी जास्त. काचेवर महिनाभर शेवाळ माजलं तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मिसळण्याचा तो स्क्रू बंद करून घ्या किंवा पुढे डीआय रेझिनचा (उरलेले क्षार शोषणारा) फिल्टर लावा. टीडीएस शून्याच्या जवळ हवा. स्वस्त मीटर मिळतो.

बाकी, मूळ चूक भर घालण्याआधीची आहे. पाचव्या दिवशी मासे. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. तो खाऊन नायट्राइट करणारे जिवाणू वेगळे आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे वेगळे. दोन्ही दगडावर, वाळूत बसायला चार ते सहा आठवडे लागतात. रिकाम्या टँकमध्ये चिमूटभर खाणं टाकत राहायचं. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही वर जाऊन शून्यावर येईपर्यंत मासा आणायचा नाही. बाटलीतल्या जिवाणूंनी हे लवकर होऊ शकतं, पण झालंय की नाही ते टेस्टच सांगते, दुकानदार नाही. "डॅमसेल टणक असतो, तो सोडून टँक तयार करा" असंही सांगतात. माशाच्या जिवावर केलेली चाचणी आहे ती, मला पटत नाही.

तुमची कोळंबी बहुतेक पाण्याच्या फरकाने गेली. दुकानातलं पाणी बरेचदा कमी खारट ठेवलेलं असतं आणि कोळंबीला हा फरक माशापेक्षा जास्त झोंबतो. पिशवी तरंगवून फक्त तापमान जुळतं. पुढच्या वेळी एअरच्या नळीला सैल गाठ मारून टँकचं पाणी थेंब-थेंब डब्यात सोडा, तास-दीड तास. डब्यातलं जुनं पाणी टँकमध्ये ओतू नका.

गप्पीवाला:
आभार, प्रवाळवेडी. अजून एक. दुकानदार म्हणतो लाइव्ह रॉक आणला की जिवाणू त्याच्यावर आयतेच येतात. त्याच्याकडे आहे, आतल्या खोलीत ठेवलाय. आणि काचेवर, वाळूवर तपकिरी पूड बसलीय, ती काय?

प्रवाळवेडी:
पूड म्हणजे डायटम, एक प्रकारचं सूक्ष्म शेवाळ. नव्या टँकमध्ये येतेच, आपोआप जाते. सोडून द्या.

लाइव्ह रॉकचं मात्र सोडून देऊ नका, नीट ऐका. आतल्या खोलीत का ठेवलाय? समुद्रातून काढलेला असला दगड म्हणजे बहुतेक वेळा प्रवाळाचा सांगाडा असतो. खडक बांधणारे प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये २००१ पासून आहेत. समुद्रघोडेही. म्हणजे वाघाला जे संरक्षण, तेच ह्या दगडाला. जिवंत प्रवाळ विकणाऱ्यांच्या दुकानांवर वनखात्याच्या धाडी पडल्याच्या बातम्या येतात. मालवणहून मुलं पांढरे तुकडे खिशात घालून आणतात, तेही नको. सिरॅमिकचा सच्छिद्र दगड घ्या. वेळ लागेल, पण जिवाणू त्याच्यावरही बसतात.

माझं आयडी प्रवाळवेडी असलं तरी घरी एकही प्रवाळ नाही. लक्षद्वीपला पाण्यात तोंड घालून पाहिलेत तेवढेच.

क्लाउन मात्र पैदास केलेलेच मागा. आपल्याकडे ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातही त्यांची पैदास झालीये. समुद्रातून पकडलेल्यापेक्षा हे टँकमध्ये लवकर रुळतात आणि पहिल्या दिवसापासून दाणे खातात.

गप्पीवाला:
सहा दिवसांनी अपडेट देतोय, उशीर झाला. पहिल्या रात्री दोनदा उठून टॉर्च मारून बघितलं. खारटपणा आता ३७, अमोनिया पाव, नायट्राइट अजून आहे. क्लाउन खाली उतरला, काल दाणा उचलला! लेकीने चिकटपट्टीवर स्केचपेनने "इथपर्यंत" लिहून ठेवलंय आणि रोज संध्याकाळी भर तीच घालते. मला बादलीला हात लावू देत नाही.

नवा मासा दोन महिने नाही, हे घरात जाहीर केलंय.

फक्त डॅमसेलचं काय करू? क्लाउनच्या शेपटीचा लचका तोडलाय त्याने. दुकानदार परत घ्यायला तयार आहे, पण जाळी आत घातली की हा दगडात शिरतो. सगळे दगड बाहेर काढावे लागतील का?

मीठभाकर:
दगडाला हात लावू नका, जिवाणू आत्ता कुठे बसतायत. पाण्याची एक लिटरची बाटली घ्या, वरचा भाग कापून उलटा आत बसवा, तळाला थोडी कोळंबी ठेवा. रात्री खाणं देऊ नका. सकाळी दिवा लावायच्या आधी आडवी ठेवा. हावरट असतो तो, क्लाउनच्या आधी हाच शिरेल.

चहाबिस्कीट:
कोळंबी ताजी घ्या हो, ती दगडामागची नको.