इटलीत कामी आलेल्या मराठा शिपायाचं नाव कुठे शोधायचं?

कोयनाकाठ:
आजोबांचे थोरले भाऊ ५ व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत शिपाई होते. १९४४ साली इटलीत कामी आले, एवढंच घरात ठाऊक आहे. गाव पाटण तालुक्यातलं. सैनिक क्रमांक कुणाकडे नाही. ऑक्टोबरात रोमला जायचंय, हाताशी दोन दिवस मोकळे आहेत. कबर कशी शोधायची? फुलं, दिवा चालतो का?

पायवाट:
कबर शोधू नका, नाव शोधा. हिंदू आणि शीख जवानांना शक्य तिथे अग्नी दिला गेला, त्यामुळे बहुतेकांची स्वतंत्र समाधी नाही. त्यांची नावं दहन-स्मारकांवर कोरलेली आहेत. देहच मिळाला नसेल, तर नाव रोमच्या दक्षिणेला असलेल्या कासिनो गावच्या स्मारकावर. व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला वरच्या टायबर खोऱ्यात पडले, पण त्यांचं नाव आहे पार दक्षिणेला, कासिनोला. तेव्हा लढाईच्या जागेवरून अंदाज बांधून तिकीट काढू नका.

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन ही या समाध्या आणि स्मारकं सांभाळणारी संस्था. तिच्या संकेतस्थळावर युद्धमृतांचा शोध आहे, फुकट. तिथे आपली माणसं ठेच खातात ती दोन कारणांनी. एक म्हणजे कित्येक भारतीय शिपायांचं पूर्ण नाव आडनावाच्याच रकान्यात भरलेलं असतं. म्हणून त्या रकान्यात आधी पहिलं नाव घालून बघा. दुसरं, इंग्रजी स्पेलिंग कारकुनाच्या कानावर अवलंबून होतं. रेजिमेंटसुद्धा ‘मराठा’ नाही, ‘महरट्टा’ अशा जुन्या स्पेलिंगने नोंदलेली आहे. नावाने काहीच लागलं नाही तर नाव रिकामं सोडा, रेजिमेंट आणि साल भरा, आणि ‘अधिक माहिती’च्या रकान्यात गाव किंवा ‘सातारा’ टाका. वडिलांचं किंवा पत्नीचं नाव आणि गाव तिथेच लिहिलेलं असतं. नोंद सापडली की सैनिक क्रमांक, मृत्यूची तारीख आणि स्तंभ क्रमांक (स्मारकाच्या ज्या स्तंभावर नाव कोरलंय त्याचा) वहीत उतरवून घ्या. तिथे हेच लागतं.

सह्यकडा:
जागा ठरली की प्रवासाचं बघा. संग्रो नदीजवळच्या युद्धस्मशानात २,६१७ समाध्या आहेत, आणि त्यातल्या दहन-स्मारकावर पाचशेहून जास्त भारतीय नावं. रोमहून डोंगर ओलांडून पूर्व किनाऱ्यावरच्या पेस्काराला यायचं आणि तिथून किनाऱ्याने दक्षिणेला. आगगाडी संथ आहे, त्यामुळे एका दिवसात जाऊन-येऊन करू नका. पेस्काराला मुक्काम करा. गाडी भाड्याने घेतलीत तर ए-१४ महामार्गावर ‘व्हाल दी संग्रो’ला उतरायचं.

नाव उत्तर इटलीतल्या फोर्लीच्या दहन-स्मारकावर निघालं, तर तिथे जाणं सोपं आहे. रोम ते बोलोन्या वेगवान गाडी, पुढे रिमिनीच्या मार्गावरची साधी गाडी. पण एक घोळ हमखास होतो. फोर्लीत कॉमनवेल्थची दोन युद्धस्मशानं आहेत. टॅक्सीवाल्याला नुसतं ‘युद्धस्मशान’ म्हणालात तर तो दुसऱ्याच ठिकाणी सोडेल. ‘चिमितेरो इंदियानो, व्हिया रावेन्याना’ (म्हणजे रावेन्याना रस्त्यावरचं भारतीय स्मशान) असं म्हणा. तिथे सुमारे पाचशे दफनं आणि दहन-स्मारकावर जवळपास आठशे नावं आहेत. रविवारी आणि सणाच्या दिवशी बस फार कमी असतात, आणि कागदी तिकिटावर गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारून घ्यावा लागतो, नाहीतर दंड.

स्मशानातल्या नावांची नोंदवही बहुधा प्रवेशद्वाराजवळच्या भिंतीतल्या धातूच्या पेटीत असते. सोबत अभिप्रायाची वही. त्यात गावाचं नाव जरूर लिहा. इतक्या लांब पाटणहून कुणी आलं होतं, हे तिथे कागदावर राहायलाच हवं.

देवराई:
फुलं चालतात. फक्त हार प्लॅस्टिकच्या दोऱ्यात ओवलेला नको. दिवा लावायचा तर झाकणाच्या काचेच्या भांड्यातला, आणि तो पायरीवर नाही, खाली जमिनीवर ठेवायचा. तेल, हळद-कुंकू, नारळाचं पाणी दगडावर पडू देऊ नका. हा दगड शोषून घेतो, आणि डाग काढायला घासला की कोरीव अक्षरं झिजतात. अक्षरात खडू किंवा रंगही भरू नका. फोटोत नाव उमटत नसेल तर फ्लॅश बंद करा आणि मोबाईलचा टॉर्च अगदी कडेने, दगडाला जवळजवळ टेकवून धरा. खाचेत सावली पडते आणि अक्षर उठून दिसतं. भर दुपारपेक्षा सकाळचं किंवा संध्याकाळचं तिरपं ऊन चांगलं.

घरचे ‘तिथली माती आणा’ म्हणतात. परवान्याशिवाय भारतात माती आणता येत नाही. त्यापेक्षा इथली फुलं सुकवून न्या, आणि नावाचा फोटो मोठा छापून देव्हाऱ्याशेजारी लावा. वाकून समाध्या वाचताना काही हिंदू समाधिशिळांवर देवनागरीत ‘ॐ भगवते नमः’ दिसेल. तेवढी अक्षरं परक्या देशात वाचताना गळा दाटतो, तेव्हा वेळ हाताशी ठेवून जा.

कोयनाकाठ:
नाव रिकामं ठेवून, गाव टाकून नोंद लागली! फोर्लीचं दहन-स्मारक. पण वडिलांच्या नावाचं स्पेलिंग चुकलंय. माणूस तोच आहे ना, कसं ठरवू?

पायवाट:
क्रमांक मिळालाय ना, मग मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावातलं अभिलेख कार्यालय आहे. त्यांना क्रमांक, पूर्ण नाव, गाव आणि नातं लिहून पत्र पाठवा, आणि एक प्रत साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला द्या. घरात जुनं पेन्शनचं कागदपत्र असेल तर त्याची छायाप्रत जोडा. तिथून दुजोरा आला की तोच पुरावा कमिशनला पाठवून नोंद दुरुस्त करून मागता येते. उत्तर यायला वेळ लागेल, म्हणून पत्र आजच टाका. ऑक्टोबरचं जाणं मात्र त्यासाठी अडवू नका, स्तंभ क्रमांक हाती आहे.