एकी होती कुठे?
"वंशाचा मुद्दा मध्ये आणला की बायकांची एकी फुटते" असं म्हणतात, ते पटलं नाही. एकी होती कुठे? आणि 'इंटरसेक्शनॅलिटी' (वंश आणि लिंग यांवरचे भेदभाव एकमेकांत मिसळून येतात, हा विचार) ही नुसती प्राध्यापकी शब्दांची कसरतही नाही, तिचं मूळ कारखान्यातल्या नोकरकपातीत आहे.

अमेरिकेत जनरल मोटर्स या मोटार कंपनीवर पाच कृष्णवर्णीय बायकांनी दावा लावला होता. १९६४ पूर्वी कंपनी त्यांच्यासारख्यांना घेतच नव्हती. मग मंदीत 'शेवटी आला तो आधी बाहेर' या नियमाने १९७० नंतर लागलेल्या सगळ्या जणी गेल्या. १९७६ मध्ये कोर्ट म्हणालं, कंपनीत बायका होत्या की! (गोऱ्या, ऑफिसात.) वंशभेदाची तक्रार वेगळी करा, दोन्हींची मोट बांधू नका. कायद्याच्या अभ्यासक किंबर्ली क्रेनशॉ यांनी १९८९ मध्ये 'इंटरसेक्शनॅलिटी' हा शब्द मांडला, तो असेच निकाल समोर ठेवून.