हँगरमध्ये वेळ खरंच कशाने वाचतो? एआर चष्मा, ड्रोन की टॅबलेट

रात्रपाळी
नमस्कार मंडळी. मी विमान मेंटेनन्समध्ये टेक्निशियन आहे, तीन वर्षं झाली, बहुतेक काम सी-चेकचं, म्हणजे विमान काही दिवस थांबवून करायची मोठी तपासणी. आमच्याकडे नवीन टेक्नॉलॉजी आणायची चर्चा चालू आहे, कुणी म्हणतं एआर चष्मे (समोरच्या वस्तूवर खुणा आणि माहिती दाखवणारे) घ्या, कुणी ड्रोन, कुणी म्हणतं आधी टास्क कार्ड (एकेका कामाच्या स्टेप आणि सह्यांचा कागद) कागदावरून टॅबलेटवर आणा, आणि शिफ्टमधल्या सगळ्यांच्या वतीने मत लिहून द्यायचं काम माझ्याकडे आलंय. मागच्या आठवड्यात एक साधा हायड्रॉलिक व्हॉल्व्ह बदलायचा होता. प्रत्यक्ष काम चाळीस मिनिटांचं, पण अख्खी शिफ्ट गेली. मॅन्युअलचं पान प्रिंट करायला रांग, मग कळलं ओ-रिंगचा (गळती रोखणाऱ्या रबरी कड्याचा) पार्ट नंबर बदललाय, मग स्टोअरची फेरी, तोवर आमचा टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच बोल्ट आवळायचा पाना) कॅलिब्रेशनला, म्हणजे माप तपासायला, गेलेला म्हणून दुसऱ्या बेमधून (विमान उभं करायच्या जागेतून) मागून आणला. ज्यांनी हे बदल प्रत्यक्ष होताना पाहिलेत त्यांनी सांगा, कशाने फरक पडला?

बे_नंबर_दोन
मित्रा, तुझ्या व्हॉल्व्हच्या गोष्टीतच उत्तर आहे. चाळीस मिनिटांची तीस करायला महागडं यंत्र लागेल, पण बाकीचे तास शोधाशोधीत गेले ते आधी वाचव. मी बावीस वर्षं हेच करतोय, मोठा फरक पडलेला पाहिला तो दोन गोष्टींनी. पहिली म्हणजे टॅबलेटवरचं टास्क कार्ड, पण ते त्याच विमानापुरतं गाळून आलेलं पाहिजे, कारण एकाच मॉडेलच्या दोन विमानांत मॉडिफिकेशन वेगळं असतं आणि हे पान आपल्या विमानाला लागू आहे का हे बघण्यातच डोकं शिणतं. नुसतं पीडीएफ स्क्रीनवर टाकून काही होत नाही.

दुसरी गोष्ट टूल कंट्रोल. रात्री दोन वाजता दहा एमएमचं एक सॉकेट फोमच्या खाचेत नाही, ते विमानात राहिलेलं असू शकतं, मग विमान सोडता येत नाही आणि सोडूही नये, चौघं जण टॉर्च घेऊन व्हील वेलमध्ये (चाकं आत घ्यायच्या पोकळीत) वाकलेत, बंद केलेली पॅनलं परत उघडतायत, आणि ते सॉकेट शेवटी सापडतं ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यात. आरएफआयडीचं कपाट (प्रत्येक टूलवरचा रेडिओ टॅग आपोआप वाचणारं) आल्यावर कुणी काय कधी नेलं आणि काय परत आलं नाही ते तिथल्या तिथे दिसतं. सॉकेट तरीही हरवतं, पण शोधायची जागा एका बेपुरती राहते.

रिव्हेट_लाईन
मी असेंब्लीत आहे, त्या बाजूने सांगते. एआरला सरसकट नाही म्हणू नका हो. ही कल्पना विमानाच्या वायरिंगसाठीच पुढे आली, १९९० च्या सुमाराला बोईंगमध्ये टॉम कॉडेल आणि डेव्हिड मिझेल हे हार्नेस (वायरींचा जुडगा) बांधणाऱ्यांच्या डोळ्यासमोरच खुणा दाखवता येतील का यावर काम करत होते, ऑगमेंटेड रिॲलिटी हे नाव तिथलंच. ज्यांनी हार्नेस केलाय त्यांना कळेल, शेकडो वायरी दिसायला सारख्या, प्रत्येकीचा नंबर बारीक, दर वायरीला मान वळवून कागदात बघायचं आणि परत वळेपर्यंत कनेक्टरचं भोक चुकलेलं. पुढे स्मार्ट चष्म्याने हेच काम केलं तेव्हा वेळ २५ टक्के कमी झाला असं बोईंगने सांगितलं. एअरबसचं तर अजून भारी, ए३८० च्या बॉडीत ६० ते ८० हजार ब्रॅकेट, ते सगळे जागेवर आहेत का हे तपासायला तीन आठवडे लागायचे, टॅबलेटच्या कॅमेऱ्यात थ्रीडी मॉडेल वर ठेवून बघायला लागले आणि तीन दिवसांवर आलं.

पण माणसाचा हातच काढायला गेलात तर जड जातं. ७७७ च्या बॉडीला आतून एक आणि बाहेरून एक असे रोबोट जोडीने भोकं पाडून फास्टनर (पत्रे जोडणारे रिव्हेट-बोल्ट) बसवतील अशी सिस्टिम बोईंगने आणली होती, दोघांचा मेळ नीट बसेना, राहिलेलं काम परत माणसांनीच करायचं, शेवटी २०१९ ला ती सोडून दिली. आता ट्रॅकवरून सरकणारं यंत्र भोकं पाडतं आणि फास्टनर माणूस बसवतो. मला हे पटतं, दिवसभर डोक्याच्या वर हात करून ड्रिल धरलं की खांद्याचं काय होतं ते मला माहितीये.

दुसरी_सही
मी इन्स्पेक्शनमध्ये आहे. वेळेबरोबर चूक कुठे पकडली जाते तेही लिही. १० जून १९९० ला ब्रिटिश एअरवेजच्या ५३९० फ्लाइटची पुढची काच हवेत निखळली, कॅप्टन अर्धे बाहेर ओढले गेले, सहकाऱ्यांनी पाय धरून ठेवले म्हणून वाचले. काच सुमारे २७ तास आधी रात्रीच्या शिफ्टमध्ये बदललेली, जुना बोल्ट हातात धरून नवे नजरेने जुळवले होते, ९० पैकी ८४ बोल्ट जेमतेम ०.६६ मिमीने बारीक निघाले. एवढा फरक रात्री तीन वाजता डोळ्याला कळत नाही, तुमच्या-माझ्यासारख्याला पण नाही. स्टोअरच्या खिडकीवर बारकोड टास्क कार्डशी जुळवला तर तिथेच अडतं.

आणि जानेवारी २०२४ चा बोईंग ७३७-९ चा डोअर प्लग (न वापरलेल्या दाराची जागा बंद करणारं पॅनल) आठवा, तो हवेत उडून गेला, त्याचे चार बोल्ट परत लावलेच नव्हते, आणि प्लग काढल्याची नोंदच सापडली नाही. म्हणून काहीही उघडलं की नोंद झालीच पाहिजे, तीही उघडतानाच, एका स्कॅनमध्ये. ड्रोन चांगला आहे, एअरबसने २०१८ ला दाखवलेला ड्रोन अर्ध्या तासात वरच्या बाजूचे फोटो काढतो आणि सगळी तपासणी एका दिवसाऐवजी तीन तासांत होते, पण तुमच्या त्या व्हॉल्व्हला त्याचा काय उपयोग?

रात्रपाळी
सगळ्यांचे खूप आभार. एक भीती आहे, टॅबलेटवर सही एका बोटाने होते, मग शेवटी बसून दहा स्टेपवर एकदम सह्या मारल्या जातील. कागदावर पण होतंच म्हणा, पण इथे अजून सोपं.

बे_नंबर_दोन
भीती बरोबर आहे. जिथे टॉर्क आहे तिथे आकडा रेंचकडूनच थेट कार्डात यावा, तसे रेंच मिळतात, मग आकडा आल्याशिवाय पुढची स्टेप उघडतच नाही. झाकलं जाणार असेल तिथे फोटो सक्तीचा कर. आणि घ्यायच्या आधी डेमोवाल्याला व्हील वेलमध्ये ने, हातात ग्रीस लागलेले ग्लोव्ह्ज घालायला सांग आणि वायफाय बंद करून एक कार्ड पूर्ण करून दाखव म्हण.